सहावा फाउल

२ ऑगस्ट, शनि. पोरिरुआ
ईशाची फुटबॉल मॅच. चिखल, बोचरा वारा, आणि मी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून पामर्स्टनहून थेट मैदानावर. १-० जिंकल्या. शेवटी त्यांची एक पोरगी बॉल घेऊन सुटली होती. मी बाहेरून ओरडले, "ओढ तिला!" ईशाने मधल्या रेषेवरच तिची जर्सी ओढली. पिवळं कार्ड, पण गोल वाचला. रेफरीला मराठी कळत नाही, हा आमचा जुना फायदा. लेक उत्तरं इंग्रजीत देते, ऐकते मात्र माझं मराठी.

७ ऑगस्ट
ईशाचा फोन. देशाच्या फुटसाल संघात, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणींच्या फुटबॉलच्या, पुन्हा घेतलंय, ऑकलंडच्या दोन सामन्यांपुरतं. मोठ्या स्पर्धेचा संघ त्यावरून ठरणार. "आय ॲम थर्टी-वन, मम. धिस इज इट." गवतावरचा कोच म्हणतो हॉलमधल्या सवयी सोड, हॉलमधला म्हणतो गवतावरच्या. पोरीने करायचं काय?

१६ ऑगस्ट, ऑकलंड
कालचा जिंकल्या. आजचा हरल्या. लिहवत नाही.

१७ ऑगस्ट
लिहून टाकते. २-२. थोडाच वेळ उरलेला. त्यांची एक सुटली आणि माझ्या तोंडून गेलंच, "ओढ तिला!" ईशाने ओढलं. मी टाळ्याही वाजवल्या, एकटीनेच. हॉल चिडीचूप.
फुटसालमध्ये संघाचे फाउल मोजतात. आपले पाच भरले होते, आकडा समोर पाटीवर होता. सहाव्याला थेट किक, मध्ये भिंत नाही, फक्त गोलकीपर. गेला गोल. इतकी वर्षं बघतेय, नियम पाठ आहे. तोंडाला सवय गवताची.
अख्ख्या हॉलमध्ये मराठी कळणारी ती एकटी.

१९ ऑगस्ट
फोनवर जेवणाचं, हवेचं बोललो. मॅचचं नाही. माझं ओरडणं ऐकलं का, हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

२६ ऑगस्ट
संघ जाहीर झाला. ईशा नाही. तिचा दोन ओळींचा मेसेज, शेवटी "ऑल गुड". कसलं गुड? वॉर्डात औषधं देताना डोळे भरून आले. पेशंट आजीच मला टिश्यू देत होत्या.

३० ऑगस्ट, शनि. पोरिरुआ
पुन्हा गवत. पूर्ण मॅच ओठ मिटून उभी राहिले. हरल्या. त्यांची नऊ नंबरवाली दोनदा सुटली, ईशाने दोन्ही वेळा तिला जाऊ दिलं. ओढणं सोडाच, हातही लावला नाही.
गाडीत बसल्यावर विचारलंच. "त्या दिवशी हॉलमध्ये माझा आवाज ऐकलास का गं?"
ती बुटांच्या नाड्या सोडत होती. "हर्ड व्हॉट?"
"मी ओरडले ते."
"इट वॉज लाउड इन देअर, मम."
लाउड? माझ्या एकटीच्या टाळ्या अख्ख्या हॉलभर ऐकू येत होत्या. मी गाडी सुरू केली. तिने मान वर केली नाही.