इर्माची जागा आणि लाल रुमाल

मी, ऑर्विल डित्रिख, वय एकोणऐंशी, धंद्याने गवंडी, राहणार ओश्कोश, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोळे शाबूत आहेत. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घालून, चेंडू हातात धरून पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर शिट्ट्या फुंकणाऱ्या एकाही पंचाला स्वतःच्या डोळ्यांविषयी हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

कलम १. राहते घर, गाडी व बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी नोरीन हिला मिळावी.

कलम २. ओळंबा व पाणसळ माझा कामावरचा जोडीदार वेंडेल याला द्यावी. मोजपट्टी मात्र पंचांच्या कचेरीत पाठवावी. हे महाभाग चेंडू नुसत्या नजरेच्या अंदाजाने खाली ठेवतात आणि मग साखळी ताणून इंचाइंचाने मोजतात. असल्या अकलेचा गवंडी मी जेवणाच्या सुट्टीपर्यंतही ठेवला नसता.

कलम ३. पंचांचा निर्णय पटला नाही की प्रशिक्षक लाल रुमाल मैदानात फेकतो आणि त्यांना चित्रफीत पुन्हा बघावी लागते. तसा एक रुमाल मी आयुष्यभर टीव्हीवर फेकत आलो. तिकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. तो नोरीनला आजच देत आहे. या मृत्युपत्रातल्या कोणत्याही एका निर्णयावर तिने तो फेकावा. मी पुन्हा विचार करीन.

कलम ४. स्टेडियममधल्या दोन जागा. आमच्याकडे त्या पैसे टाकून मिळत नाहीत, कोणी मेले की वारसाकडे जातात. मला त्या वडिलांकडून आल्या. तिथे मी आणि माझी बायको इर्मा बसायचो. तिच्या शेवटच्या सामन्यात, बर्फ पडत असताना, आमच्या गड्याने कोपऱ्यात चेंडू झेलला. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या पंचाने तो रेघेबाहेर ठरवला आणि आम्ही हरलो. घरी येईपर्यंत इर्मा एकच म्हणत होती, “ऑर्विल, दोन्ही पाय आत होते रे.” ईस्टरच्या आधी ती गेली. पुढच्याच हंगामात नोरीनने स्वतः पट्टे चढवले. ती शाळांच्या सामन्यांत शिट्टी फुंकते. तेव्हापासून मी तिला शेजारी बसू दिलेले नाही. इर्माच्या जागेवर कोट ठेवतो. सबब दोन्ही जागा पुतण्या कर्टिसला द्याव्यात. गर्दी टाळायला तो सामना संपण्याआधीच पळतो, पण निदान पंच तरी नाही.

दुरुस्ती. वरील मजकूर मी स्वयंपाकघरात वाचून दाखवला. चौथ्या कलमाला नोरीनने रुमाल थेट माझ्या कॉफीच्या मगावर फेकला.

“बाबा, त्या दिवशी गाडीत मागे मीच बसले होते. आईचं मीही ऐकलं. कुणीतरी नीट बघायला हवं होतं. तुम्ही शिव्या घालत बसलात, मी बघायला गेले.”

“काय बघतेस? शाळेतल्या पोरांचे पाय?”

“हो. गेल्या शुक्रवारी बर्फात गुडघे टेकून बघितले. आत होते. गावचा संघ हरला, तर लोकांनी मला तुमच्याच शिव्या घातल्या.”

मी मागच्या अंगणात गेलो आणि पंच चित्रफीत बघतात तसा माझा निर्णय पुन्हा तपासला.

निर्णय फिरवला आहे. कलम ४ रद्द. दोन्ही जागा नोरीनच्या. पंचांविषयी माझे मत तसूभरही बदललेले नाही. चूक दिसली की ती अशी सुधारायची असते, एवढे त्या नालायकांना कळावे म्हणून हे लिहिले. माझ्या मरणाची वाट बघायचीही गरज नाही. येत्या रविवारी इर्माच्या जागेवरचा कोट मी मांडीवर घेईन.

समक्ष सह्या: लॉरेन टिबेट्स, शेजारीण, हार्लन वोइट, न्हावी.
ओश्कोश, ९ नोव्हेंबर २०२१.
सही: ऑर्विल डित्रिख