पिंपभर शेवाळाची निर्यात

७ जून
आईचं फोनवर पुन्हा तेच. समुद्रातलं खायचं शेवाळ पाच दिवस उन्हात कडकडीत वाळू दे, मगच पिंपात भरू. तिची आई असंच करायची म्हणे. तिची आई आमच्या सेंट लुशिया बेटाबाहेर कधी गेली होती का? वाळलं की वजन उडतं, आणि गिऱ्हाईक पैसे देतं वजनावर. शाळा अर्धी सोडलेल्या मलाही हे कळतं. दोन दिवस पुरे, असं ठणकावून सांगितलं.

९ जून, जेवणाची सुट्टी
आयडिया लिहून ठेवतो, चोरीला नको जायला. इथे कॅनडात शेतांवर राबणारा आमचा प्रत्येक जण घरी पिंप भरून साबण, तांदूळ, बूट पाठवतो. पिंप तिकडे पाणी साठवायला लागतं. भरलेलं पिंप उलट कुणी पाठवलंच नाही. टोरंटोत आमच्याकडचा माल विकणाऱ्या एका दुकानवाल्या बाईंनी ऑर्डर दिली. म्हणजे, नमुना बघू म्हणाल्या. तेच ते.

१५ जून
शेजारच्या युडोक्सी मावशीने समुद्रात दोरांवर वाढवलेलं सगळं शेवाळ आईला काढून दिलं. आमच्या खाडीत तिच्याइतकं चांगलं कुणी पिकवत नाही. सप्टेंबरात तिच्या नातीची नवी शाळा. युनिफॉर्म, पुस्तकं, सगळं यातूनच. मी ऑगस्ट संपायच्या आत दोन हजार कबूल केले, आपल्या बेटाचे डॉलर. काही लेखी देतो का, असं तिने आईला विचारलं. आई म्हणाली, माझा मुलगा आहे तो.

२ जुलै
पिंप बोटीवर चढलं. टोमॅटो तोडताना हिशेब केला: पुढच्या वर्षी चाळीस पिंपं. खोलीतला जमैकन लिनव्हल विचारतो, साहेब आज तोडणीला येणार की मीटिंग आहे? जळतो.

२६ जुलै
पिंप आलं. ताजेपणा दिसावा म्हणून बाईंना व्हिडिओ कॉल लावूनच झाकण उघडलं.
बाई म्हणाल्या, झाकण लाव बाबा.
मालकाने ट्रॅक्टरने पिंप खताच्या ढिगावर नेलं. लिनव्हलसुद्धा हसला नाही.

२७ जुलै
घरी कळवलं, बोटीत उकाडा फार होता. होताच असणार.

३ ऑगस्ट
आई सांगते, काल बाजारात कुणी माझं नाव काढलं तर मावशी त्याच्यावर तुटून पडली. पोराचा काय दोष, मेल्या बोटवाल्यांनी नासवलं. पुढचा माल फुकट देते म्हणाली.
जेवण गेलं नाही.

१० ऑगस्ट
मावशीला तीनदा निरोप रेकॉर्ड केला. तिन्ही वेळा बोटीतल्या उकाड्याचं कारण आलंच मध्ये. चौथ्यांदा सांगून टाकलं: ओलं भरायला मीच लावलं, वजनासाठी. आई नको म्हणत होती.
दोन तासांनी तिचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. शिवी नाही, काही नाही.
“युनिफॉर्मचं कापड घेतलंय. शिलाई द्यायची आहे. पुस्तकं राहिलीत.”
तीनदा ऐकलं.
पाठवतोय: तीनशे दहा कॅनेडियन डॉलर. आपल्या बेटाचे सहाशे होतात.