माझा ओटीपी पनागरला गेला

२२ डिसेंबर, रविवार

आले! श्रीरंगकाका आज पुन्हा जेवायला आले! आईने त्यांच्यासाठी मसालेभात केला आणि स्वतःच्या पानात वाढून घ्यायलाच विसरली. मी बघून हसत होते तर मला म्हणते, "काहून दात काढून राहिली गं?"

काहून! तुझ्यामुळेच ना, माय!

बाबा गेल्यापासून ही बाई फॅक्टरीच्या ऑफिसातून यायची, टीव्ही लावायची आणि त्याच्यासमोरच झोपून जायची. आता? आता शनिवारी साड्यांना इस्त्री होते. काका माझ्याच बँकेत, माझ्याच शाखेत कर्जाचं बघतात. सांगलीहून इकडे हिंदी मुलखात बदलीवर आलेत, एकटेच आहेत, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मीच त्यांना पहिल्यांदा घरी आणलं — "सर, डब्याचं खाऊन कंटाळला असाल, चला." त्यांचं मराठी कसं एकदम कडक इस्त्रीचं! "वहिनी, आपण कुठे निघालात?" आणि आमची आई, "भाजी आणायला जाऊन राहिली जी." मग दोघंही हसतात. उगीचच हसतात!

आईला सरळ विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं की ती लाजून स्वयंपाकघरात शिरेल आणि रविवार बंद. म्हणून मी गप्प. हे टिकू दे, एवढंच. आई अशीच हसत राहू दे.

२४ डिसेंबर, मंगळवार

आमच्या "डेलुलू मंडळा"त ठराव पास! डेलुलू म्हणजे स्वप्नात रमलेल्या खुळ्या, आणि मंडळ म्हणजे फोनवरचा ग्रुप: मी, नागपूरची सुखदा आणि पुण्याची अंतरा — कोरियन सिरियली बघून वाया गेलेल्या तिघी. एकमेकींना प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही. तर आई आणि श्रीरंगकाका हे आजपासून मंडळाचा ओटीपी!

बँकेतला ओटीपी नव्हे. आम्हा सिरियलवेड्यांचा ओटीपी म्हणजे ज्या दोघांचं जमावं म्हणून आपण जीव टाकतो, ती जोडी. आणि खरंच जमलं की ती जोडी "कॅनन" झाली. हे घरी कोणाला सांगितलं तर मला डॉक्टरकडे नेतील.

मजा म्हणजे दिवसभर मी काउंटरवर ओरडते, "अंकल जी, ओटीपी किसी को मत बताना!" आणि घरी आले की माझा ओटीपी साऱ्या जगाला सांगत सुटते.

२५ डिसेंबर

आई गॅसपाशी उभी राहून गुणगुणत होती!!

२९ डिसेंबर, रविवार

लिहायला हात थांबत नाहीये. आज दोघं इथून जवळच्या पनागरला गेले! मटार आणायला म्हणे, तिकडे शेतावरचे ताजे मिळतात. काकांच्या स्कूटरवर! मी म्हटलं, "मी पण येऊ का?" आई इतक्या घाईने "नको" म्हणाली की मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

परत आली तेव्हा गप्प गप्प. पिशवी ठेवली, पदर खोचला, सोलायला बसली. लाजली! मी तिच्याकडे बघितलं तर मान खाली. ही आमची आई, जिच्यापुढे फॅक्टरीतले बाबू थरथर कापतात!

मी फोन उचलला आणि मंडळात धाडलं —

"माझा ओटीपी पनागरला गेला!!! दोघंच!! आता कॅनन व्हायला वेळ लागणार नाही!!! मी मेले!!!"

मग बराच वेळ कोणाचंच उत्तर नाही. बघते तर मंडळात गेलंच नव्हतं. "शाखा परिवार"मध्ये गेलं होतं. बँकेच्या ग्रुपवर! मॅनेजर दुबे सर आणि यच्चयावत स्टाफ! एक बरं, काका ग्रुप कधी उघडूनही बघत नाहीत.

घाबरून डिलीट केलं. देवा, डिलीट काहून केलं मी, आता उगाच संशय येईल!

३० डिसेंबर, सोमवार

काय दिवस होता! हसू की रडू?

सकाळी शाखेत पाय ठेवते तो विपुल धावत आला. विपुल माझ्या शेजारच्या काउंटरवर बसतो. त्याने डिलीट व्हायच्या आधीच फोटो काढून ठेवला होता, मोठा हुशार. आमच्या शाखेत मराठी येतं फक्त मला आणि श्रीरंगकाकांना. बाकी सगळ्यांनी माझं मराठी हिंदीत वाचलं!

विपुल म्हणतो, "दीदी, पनागर में मेला लगा है क्या? आपने लिखा है, मी मेले!"

मेले! अरे बाबा, मेले म्हणजे मेले, जत्रेचे मेले नाहीत रे!

दुबे सरांना मेल्याबिल्याचं काही नव्हतं. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं. "मैत्रेयी जी, ओटीपी पनागर कैसे गया? किसको गया? किस कस्टमर का था?" मी म्हटलं, "सर, वो वाला ओटीपी नहीं है." "तो कौन-सा होता है?" कसं सांगू? बाहेरच्या टेबलावर श्रीरंगकाका बसलेले, काचेतून दिसत होते.

मग सरांनी आवाज खाली केला. "और ये कैनन? तोप? आपकी माताजी गन फैक्टरी में हैं ना?"

अगं बाई! म्हणजे मी बँक लुटून शिवाय तोफेची गुपितं पनागरला पोचवून राहिले! मला फिस्सकन हसू आलं. अगदी चुकीच्या वेळी आलं. सरांचा चेहरा पडला. म्हणाले, गुरुवारी झोनल ऑफिसच्या मॅडम येतील, तोवर तुम्ही काउंटरवर बसू नका. आणि नोकरी पक्की व्हायचं पत्र सध्या थांबवलं आहे.

तेव्हा मात्र हसू गेलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

सुखदा म्हणते, सांगून टाक ना खरं. अंतराही तेच म्हणते. पण खरं सांगायचं म्हणजे भर शाखेत सांगायचं की माझी आई आणि तुमचे लोन ऑफिसर! उद्या चहाच्या टपरीवर तेच, परवा आईच्या फॅक्टरीत तेच. आई रस्त्याने मान खाली घालून चालेल. काका घराकडे फिरकणार नाहीत.

नाही सांगणार. नोकरी गेली तर दुसरी बघेन. आईला हे दुसऱ्यांदा मिळायचं नाही.

अख्खी शाखा माझ्याकडे बघते आणि कुजबुजते. चपराशी गुणवंत भैया काल चहा देताना कप लांबूनच सरकवून गेले. एका शब्दापायी मी डाकूरानी झाले! खरं सांगू? थोडी ऐटही वाटली.

२ जानेवारी, गुरुवार

थांब, नीट लिहिते.

झोनल ऑफिसच्या मॅडम आल्या. केबिनमध्ये त्या, दुबे सर, मी. मी एकच धरून बसले, "निजी बात है, मैडम." मॅडम चिडल्या. दुबे सर म्हणाले, "मराठी में है, किसी मराठी से पढ़वा लेते हैं." आणि हाक मारली. कोणाला? श्रीरंगकाकांना!

काकांनी चष्मा लावला. फोटो वाचला. "पनागर"वर आले आणि थांबले. "दोघंच"वर आले आणि कान लाल! पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून मराठीत, अगदी हळू —

"मैत्रेयी, ओटीपी म्हणजे?"

मीही मराठीतच, खाली बघून, "ज्या दोघांचं जमावं असं आपल्याला मनापासून वाटतं, ते दोघं."

"आणि कॅनन?"

"जमलं की कॅनन."

"मेले?"

"आनंदाने, काका."

शाखेत मी त्यांना सर म्हणते. काका तोंडून निसटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिले. दुबे सर अधीर. "क्या लिखा है, श्रीरंग जी? फ्रॉड है?"

"नहीं सर. शादी-ब्याह की बात है."

"किसकी?"

"अभी तय नहीं है, सर."

मॅडम इतक्या हसल्या की पाणी मागवावं लागलं! मला म्हणाल्या, "बेटा, ऑफिस के ग्रुप से दूर रहो." सुटले! पत्र पुढच्या आठवड्यात मिळणार. गुणवंत भैयांनी चहाबरोबर बिस्किटंही आणली. विपुल अजून मेला शोधून राहिला.

पण काकांनी दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. निघतानाही नाही.

५ जानेवारी, रविवार

काका आले नाहीत.

आईने मसालेभात केलाच नाही. म्हणजे तिला माहीत होतं, ते येणार नाहीत. मी विचारलं, "काका?" म्हणाली, "कामं असतात त्यांना." आणि टीव्ही लावला.

घातली मी माती! माझ्या जिभेला, माझ्या बोटांना हाड नाही! त्यांना वाटलं असेल, ही पोरगी पोरींच्या टोळक्यात आमची टिंगल करून राहिली. ओटीपी म्हणे! आम्हाला हे शब्द गोड वाटतात. दुसऱ्याला कसे वाटत असतील, याचा विचार कधी केला मी? मंडळात लिहिलं, "मी मेले." ह्या वेळी खरंच वाईट वाटून लिहिलं होतं. दोघींनी हसण्याचे चेहरे पाठवले.

७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी घरी आले तर काकांची स्कूटर दाराशी. आत गेले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नको असलेलं जिरं घेतलं, मग हळद घेतली, मग साबण. परतले तेव्हा स्कूटर नव्हती. आईचे डोळे लाल होते. मी जिरं डब्यात भरलं.

८ जानेवारी, बुधवार

आई आत्ता माझ्या खोलीत येऊन बसली आणि एका दमात बोलली. पनागरला ती मटारासाठी गेलीच नव्हती, मटार वाटेत घेतले. काकांनी लग्नाचं विचारलं होतं, त्याला तिने तिथे "नाही" सांगितलं होतं. "पोरीला काय वाटेल" म्हणून. माझ्यामुळे! काकांनी सांगलीला परत जायचा अर्जही लिहून ठेवला होता. काल येऊन त्यांनी तिला माझा मेसेज वाचून दाखवला, एकेका शब्दाचा अर्थ लावून.

"त्यातलं मला निम्मं समजलं नाही," आई म्हणाली. "तू साध्या मराठीत सांग मैत्रेयी. चालेल तुला?"

हो, आई. हो!