खाजणातली तिसरी थंडी

३ नोव्हेंबर
खाजणावर डंपर! कोलशेतच्या खाडीकाठची ही आमची जमीन. इथल्या खेकड्यांची बिळं मी दोन थंड्या मोजली. ही तिसरी झाली की पीएचडीचं काम संपणार होतं. आज पोचले तर अर्ध्या जागेवर डेब्रिज. माझ्या खुणेच्या काठ्या त्याखाली गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, 'प्रितमशेटनी सांगितलंय.' प्रितमशेट म्हणजे माझा सख्खा दादा. घरात मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

४ नोव्हेंबर
दादाला विचारलं. 'बिल्डरला देतोय. तू त्या चिंबोऱ्या ना विकतेस ना खातेस, मग मोजतेस कशाला?' वहिनी हसली. आई म्हणाली, 'जाव दे पोरी, त्या चिखलान काय ठेवलंय?' दोन वर्षं ठेवलीत मी त्या चिखलात. बाबा असते तर — नाही, त्यांनीही विकलीच असती.

७ नोव्हेंबर
माझे गाइड मुकुल सर. डोंबिवलीला त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. साइटवर एकदाही न फिरकलेला माणूस म्हणतो, 'मालकाची लेखी परवानगी आधीच घ्यायची ना! आता विषय बदल. त्यात काय एवढं?' यांचं काय जातं बोलायला! राग आला. स्वतःचाही आला. घरच्या जमिनीसाठी परवानगी घ्यायची असते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

१२ नोव्हेंबर
उरलेल्या अर्ध्यात मोजणी केली. आठवड्यात तेही जाईल.

१९ नोव्हेंबर
दादा आज एकदम गोड. माझ्या ताटात स्वतः मासा वाढला. मग, 'सोमवारी रजिस्ट्रेशनला यायचंय. हक्कसोडवर तुझी एक सही, बास. आपल्यात बहिणी करतातच.' बाबांच्या मागे सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी, तिघांची नावं लागलीत. मी हक्क सोडल्याशिवाय बिल्डर पुढे सरकत नाही. आत्याने अशी सही केली होती, मावशीनेही केली. त्या बदल्यात दोघींना माहेरी मान आहे म्हणे. दरवर्षी एक साडी मिळते. मी 'येते' म्हणाले.

२४ नोव्हेंबर
सही नाही केली. दादा रजिस्ट्रेशन ऑफिसात सगळ्यांसमोर बोलला, 'आजपासून मला बहीण नाय.' डंपर थांबलेत, उरलेल्यातला तुकडा अजून शाबूत आहे. उद्या सकाळी ओहोटी आहे, मोजायला जायचंय.