सरहद्दीवरून मागे फिरलेला कर्नल

वॉटफर्ड, २ नोव्हेंबर

ती. सुमनआत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरी आहे (सर्दी मोजत नसलीस तर).

आधी एक दुरुस्ती. आफ्रिकेतल्या सत्तापालटावरच्या माझ्या कादंबरीत भाडोत्री सैनिकांचा जो कर्नल आहे, तो जुन्या वर्तमानपत्रांतल्या एका खऱ्या माणसावरून घेतलाय, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. वर्तमानपत्रांतून मी फक्त विमान, बंदुका आणि उकाडा घेतला. कर्नल म्हणजे तुझाच नवरा, आपले रवीकाका. ती आधीची गोष्ट तुझी बर्मिंगहॅमभर सांगून झाली असेल, तर माफ कर.

मोहिमेवर माणसं कशी निघतात, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, आपण सगळे दोन गाड्यांतून वेल्सला निघालो तेव्हा. त्यामुळे माझे सैनिक पहाटे निघायचे ते नऊला निघतात, प्रत्येकाजवळ तिखटमिठाच्या पुऱ्या असतात, आणि सरहद्द दिसू लागते न लागते तोच कर्नल विचारतो, "गॅस कोणी बंद केला?" कोणालाच खात्री नसते. सगळी फौज मागे फिरते. (आपण निदान मागे फिरताना वाटेत श्रूझबरीला चहा तरी घेतला होता.) दुसऱ्या खेपेला राजवाडा सर होतो, पण गोळीबार होत नाही. काका भूल देण्याआधी पेशंटला सांगायचे, तसं कर्नल पहारेकऱ्यांना उलटे आकडे मोजायला लावतो आणि ते झोपतात. (औषध कुठून आलं, हे अजून ठरायचंय.) लायब्ररीतल्या लेखनगटात एक निवृत्त सार्जंट आहेत. ते फार सौम्यपणे म्हणाले, की राजवाड्यात शिरताना सैनिक बूट दाराबाहेर काढून ठेवत नाहीत. मी ते पान कितीदा वाचलं होतं, मला काही खटकलं नव्हतं.

तरीही प्रकाशकांकडे पुस्तकं नेणाऱ्या एका एजंटबाईंना कादंबरी आवडली. त्यांची अट एकच, शेवटच्या प्रकरणात कर्नल मरायला हवा. तेव्हापासून मी रोज प्रयत्न करतेय. गोळी लागते, आणि पुढच्याच ओळीत ते उठून मला विचारतात, जेवलीस का. मग मला उठून काहीतरी खावं लागतं. आत्या, ऑफिसचं काम लॅपटॉपवर, सामान दाराशी येतं. या खोलीत दुसरं कोणी बोलत नाही. लिहायला बसले की तुमचं अख्खं घर इथे येतं, भांडतं, पुन्हा चहा मागतं. कर्नल मेला की पुस्तक संपेल, आणि सगळे निघून जातील.

पण जिवंत माणसाला न विचारता मारणं बरोबर नाही, तेव्हा काकांची परवानगी हवी. तू आधी काही सांगू नकोस. चिडायचे असतील तर माझ्यासमोर चिडू देत.

तुझी
वरदा

ता. क. एजंटबाई म्हणतात, नाव बदललंय तेवढं पुरे. परवानगीची गरज नाही.

ता. क. २. दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, "अगं, कधीही ये." कधीही म्हटलं की मला दिवस ठरवता येत नाही, वाटतं, नेमकी त्या दिवशी कोणाची अडचण होईल. म्हणून हे परवानगीचं काढलं. शनिवारी, ८ नोव्हेंबरला, सकाळच्या गाडीने येते.