अठरा छेद चोवीस

बाई, तुम्ही मला शेवटी ओळखलं होतं की नाही, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. वॉर्डात माझ्या छातीवर नावाची पट्टी होती, पण तिच्यावरचं आडनाव सासरचं, आणि चेहरा बदलायला वीस वर्षं भरपूर झाली. म्हणून आधी कोण ते सांगते. लोहगडाच्या पायथ्याच्या शाळेत एकाच वर्गात दोघी बहिणी होत्या ना, त्यांतली धाकटी मी. तुमची लाडकी. ताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिला सहावीत कावीळ झाली, वर्ष बुडालं आणि पुढच्या जूनला तुम्ही तिला माझ्याच बाकावर आणून बसवलंत. तुम्ही जाऊनही आता दहा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही. या आठवड्यात वाटलं, त्याचं कारण शेवटी सांगते.

तुम्ही लोणावळ्याहून यायचात, मळवलीला उतरून शाळेपर्यंत चालत. आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलात आणि तुमच्या साडीच्या काठाला डाग नाही, हे कसं जमतं ते आम्हाला कधी कळलं नाही. शिकवायचात मात्र सुंदर. ते मी कुणापुढेही कबूल करीन. अपूर्णांक म्हटला की मला अजून तुमचाच आवाज ऐकू येतो. वर अंश, खाली छेद, मधे रेघ. वरच्याला ज्या संख्येनं भागलं, त्याच संख्येनं खालच्याला भागायचं. "एकाला भागलं आणि दुसऱ्याला सोडलं तर तो अन्याय झाला," असं तुम्ही म्हणायचात आणि फळ्यावर दोन्हीकडे सारख्याच तिरप्या रेघा मारायचात. मोठा, अवघड दिसणारा अपूर्णांक बघता बघता लहान होत जायचा आणि शेवटी असा काही उरायचा की त्यातून आता काहीच काढता येणार नाही. मला त्याचं वेड लागलं होतं. दुसरंही एक होतं तुमच्या तासाला. ज्याला उत्तर येईल, त्यानं न येणाऱ्याच्या गालावर एक चापट मारायची. तुम्ही स्वतः आयुष्यात कुणाला बोट लावलं नसेल. हातातला खडू खाली ठेवायचात, येणाऱ्याकडे बघायचात आणि म्हणायचात, "मार." बस एवढंच.

आता आमच्या घरातलं सांगते, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. शनिवार-रविवारी गडावर जाणारी शहरातली माणसं आमच्या अंगणात जेवायला थांबायची. आई पिठलं-भाकरी करायची. पिठाच्या डब्यात पाव किलोचं पत्र्याचं माप असायचं आणि ते ताईच्या ताब्यात. आई चुलीपासून ओरडायची, "अठरा माणसं हायती गं, किती घिऊ?" ताई डोळे मिटल्यासारखे करायची आणि सांगायची, "चौदा मापं घे. साडेतीन किलो व्हईल." मी तिथंच पाटावर बसून वहीच्या मागच्या पानावर चौदा छेद चार लिहीत असायचे. दोननं भाग, सात छेद दोन. अंश मोठा, म्हणजे आता पूर्णांकात बदल, तीन पूर्णांक एक छेद दोन. माझं होईपर्यंत पहिली भाकरी तव्यावर फुगलेली असायची. आई माझ्याकडे बघून हसायची. "तू लिवत बस," म्हणायची. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र वाटायचं, शाळेत मी पहिली आणि घरात ही पहिली, हे कशाला?

तो दिवस दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आहे. वर्गात ऊन आलेलं आहे, पुढच्या बाकापर्यंत. तुम्ही फळ्यावर अठरा छेद चोवीस लिहिता आणि अतिसंक्षिप्त रूप विचारता. ताईला उठवता. ती फळ्याकडे बघत उभी राहते. खूप वेळ. पोरं चुळबुळ करायला लागतात. मग ती म्हणते, "पाऊण."

तुम्ही खडू खाली ठेवलात. "काय म्हणालीस?"

"पाऊण, बाई."

"हा बाजार आहे? पाऊण किलो कांदे घ्यायला आलीयस का? अंश सांग. छेद सांग."

ताईचे ओठ हलत होते. तिला उत्तर दिसत होतं हो, बाई. ते रेघेच्या वर-खाली कसं मांडायचं, तेवढंच तिला येत नव्हतं. काविळीच्या वर्षात नेमकं तेच बुडालं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी उठले. "दोघांना सहानं भागलं, बाई. तीन छेद चार."

"म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

या 'म्हणजे'वर मी आयुष्यात किती वेळा येऊन थांबले आहे! "म्हणजे पाऊण," एवढं म्हणाले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. मला ते माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेसुद्धा तुम्हाला दिसत होतं. मी म्हणाले, "म्हणजे अतिसंक्षिप्त रूप." तुम्ही जरासं हसलात. पूर्ण वर्षात तुम्ही माझ्याकडे बघून इतक्या आपलेपणानं हसला नव्हतात. मग म्हणालात, "मार."

मी मारलं. आणि तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, "वर्षभर घरी बसून हिच्या डोक्यातला पाव भाग उडालाय. उरली पाऊण." वर्ग हसला. मी सगळ्यांत आधी हसले असेन.

त्या दिवसापासून तिचं नावच 'पाऊण' पडलं. हजेरीला ती "हजर" म्हणायची तेव्हा मागून कुणीतरी "पाऊण हजर" म्हणायचं आणि तुम्ही मान वर न करता पुढचं नाव घ्यायचात. पाण्याच्या टाकीजवळ पाऊण, कबड्डीत पाऊण, वाटेत गुरांमागं जाणारी पोरंसुद्धा पाऊण म्हणून हाक मारायची. घरी एकदा भांडणात माझ्याही तोंडून गेलं. आईनं विचारलं, "काय म्हन्लीस गं तिला?" ताईच म्हणाली, "काय न्हाई, आये." तिनं माझी चुगली केली नाही, याचा मला तेव्हा रागच आला.

माघात तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, शाळेच्या वेळेला. मग आईलाही हाताखाली माणूस लागतच होतं. वार्षिक परीक्षेला ती बसली नाही. तुम्ही मला एकदाच विचारलंत, "बहीण कुठाय?" मी म्हटलं, "घरी." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. वर्ग पुढं सरकेल." त्याच वर्षापासून सातवीच्या शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी मधल्या सुट्टीत तुम्ही मला वेगळं शिकवलंत, तुमच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिलीत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नवी कंपासपेटीही दिलीत. मी शिकले ती तुमच्यामुळे. लोणावळ्याला हायस्कूल, पुढे नर्सिंग. औषधाचा डोस मिलिग्रॅमचा मिलिलिटरमध्ये करताना माझी कधी चूक झालेली नाही. डॉक्टर बाकीच्यांना माझ्याकडून तपासून घ्यायला सांगतात.

आणि मग एका सकाळी तुम्हालाच माझ्या वॉर्डात आणलं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या घरी न्हाणीघरात पडलात, असं तुमचा मुलगा सांगत होता. मी केस पेपर वाचला आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, यांना बोलतं करा. सोपं सोपं विचारत जा. नावं, वार, आकडे." मी मुलाला सांगितलं की मी तुमची विद्यार्थिनी. तो केवढा खूश झाला! "विचारा हो विचारा," म्हणाला. "आईला गणितातलंच विचारा. तिचा जीव होता त्याच्यात."

मी विचारलं, "बाई, अठरा छेद चोवीस. अतिसंक्षिप्त रूप?"

तुम्ही तोंड उघडलंत, नुसता घशातला आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत, शेजारच्या तिन्ही खाटांवरची माणसं बसलेली असताना, मोठ्यानं विचारलं. "सहावीचं गणित आहे, बाई," असंही म्हणाले. माणसं कौतुकानं बघत होती. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मुलानं ते पुसलं आणि मला म्हणाला, "बघा, आठवतंय तिला." शेजारच्या खाटेवरची कार्ल्याकडची एक मावशी तेवढी म्हणाली, "आगं जाऊ दी की बाय, कशापाई म्हातारीला तरास देती?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, मावशी." ते खरंच होतं. म्हणून तर मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

आठव्या दिवशी मी एकटीच तुमच्याजवळ होते. चादर बदलत होते. न विचारताच तुम्ही माझ्याकडे बघून ओठ जुळवायला लागलात. बऱ्याच खटपटीनं एक शब्द निघाला. "पा... पाऊण."

शाळेतलं सगळं पुसलं गेलं होतं, बाई. अंश, छेद, मसावि, काही उरलं नव्हतं. एवढाच बाजारातला शब्द उरला होता आणि तो बरोबर होता. मी म्हटलं, "पाऊण नाही. अंश सांगा. छेद सांगा." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी तुमच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव भाग उडालाय, बाई. उरली पाऊण." तेव्हा तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. ती ओळख होती की नुसती भीती, तेच मला ठरवता येत नाही. मी चादरीचे कोपरे नीट खोचले आणि पुढच्या खाटेकडे गेले. दोन दिवसांनी तुम्हाला घरी नेलं. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

मी हे ताईला सांगायला मुद्दाम लोहगडवाडीला गेले. तिथं तिचं लग्न झालं, तिथंच तिचं गडावर जाणाऱ्यांसाठी चहा-भज्यांचं छप्पर आहे. आडवारी गेले, म्हणजे गर्दी नसेल. मला वाटलं होतं ती हसेल. निदान तिला गार वाटेल. ती कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली.

"खाटंवर पडलेल्या म्हातारीला?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी केलं, ताई."

"मी कवा सांगितलं तुला?"

"तुझी शाळा सुटली तिच्यापायी. तिनं तुला–"

"बाईनं मला कवा हात लावला न्हाई," ताई म्हणाली. "मारलं तू."

"तिनं सांगितलं म्हणून मारलं."

"तिनं एक सांगितली व्हती. तू दोन मारल्यास."

मी म्हटलं, मला दुसरी आठवत नाही. ताईनं सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला आठवती ना. मग झालं." तेवढ्यात गडावरून एक घोळका उतरला आणि ती कढईकडे गेली. मी निघताना तिनं मला चहा दिला, बिस्किटं दिली. बाकीच्यांना देते तशी.

मला आठवते, बाई. पहिली तुमची होती. ती गालावर बसल्यावर ताई रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत होती, मी वहीत गणित मांडत असताना चुलीपाशी जशी थांबून बघायची, तशी. दुसरी माझी होती. तुम्ही ती बघितलीत आणि वर्गाकडे वळलात.

आता या आठवड्याचं. ताईचं शेंडेफळ यंदा सहावीत आहे. अपूर्णांक चालू झालेत आणि मुलीला जमत नाहीत. मीच ताईला म्हटलं होतं की सुट्टीच्या दिवशी येऊन मी शिकवीन. गेल्या रविवारी पहिल्यांदा बसले तिच्याजवळ. पंधरा छेद वीस दिलं. मुलगी विचार करत होती, पेन्सिल दातांत धरून. मी काही बोलले नाही, हललेही नाही. पण ताई कढईपासून उठून आली, मुलीची वही उचलली आणि म्हणाली, "हिला मळवलीला शिकवणी लावणार हाय मी. तू नगं येत जाऊस त्याच्यासाठी."

तुमच्या तुंगार्लीच्या घराच्या फाटकावर तुमच्या नावाची पाटी अजून आहे. ड्यूटीला जाताना मी रोज तिथून जाते. हे पत्र तिथं आत टाकणं अवघड नाही, तुमचा मुलगा वाचेलही. मी टाकणार नाही. त्याला वाटतं, त्याच्या आईची एक गुणी विद्यार्थिनी होती, शेवटपर्यंत तिला गणित विचारणारी.

ताईनं मला नको म्हटलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मुलगी फार सावकाश विचार करते, बाई.