जुना पिंजरा

प्रिय छोट्या,

पुढच्या आठवड्यात तुला व्यसनमुक्ती केंद्रातून सोडणार, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि आईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तुझी खोली ती झाडूनपुसून लख्ख करतेय, पण एक वस्तू हलवू देत नाही. तोच हिरवा पडदा, तीच चादर, खिडकीखालचं तेच डुगडुगणारं टेबल, ज्यावर तू त्या पुड्या सोडायचास. टेबल तरी टाकून देऊ म्हटलं तर माझ्यावरच डाफरली. पोराला परकं वाटता कामा नये, एवढंच तिचं पालुपद. मला मात्र त्या दारावरून जाताना अजून धडकी भरते. खोली रिकामी असते, तरी तुझी पावलं ऐकू येतात. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत.

माझे उंदीर बरे आहेत. तू त्यांना माझी सासरची मंडळी म्हणायचास, आता तर सगळी प्रयोगशाळाच तसं म्हणते. सध्या त्यांना तू घ्यायचास त्याच जातीचं उत्तेजक औषध देतो, रोज, एका वेगळ्या पिंजऱ्यात नेऊन. पहिल्या दिवशी उंदीर थोडा धावतो. काही दिवसांनी तेवढ्याच औषधाला वेड्यासारखा धावत सुटतो, कारण मेंदूतलं डोपामिन, ते 'हवं, अजून हवं' म्हणायला लावणारं रसायन, दर खेपेला जास्तच उसळतं. मग औषध बंद करतो. उंदीर आपल्या पिंजऱ्यात खातोपितो, झोपतो, अंगाने भरतो. बघणाऱ्याला वाटावं, सुटला बिचारा.

परवा अशाच एकाचा पिंजरा धुवायचा होता. घाईत मी त्याला औषधाच्या त्या जुन्या पिंजऱ्यात ठेवलं. सुई नाही, औषध नाही, काही नाही. तो थबकला, कोपरा हुंगला आणि धावायला लागला. मान हलवत, तुझ्यासारखी. आमचे सर हसून म्हणाले, जित्याची खोड. हीच म्हण काकूने तुझ्याबद्दल चारचौघांत ऐकवली होती. मला इतका संताप आला, की मी उंदराला तिथून उचललं आणि त्याच्या धुतलेल्या पिंजऱ्यात नेऊन ठेवलं. तिथे तो थोड्या वेळाने झोपला. खोड असती तर तिथेही धावला असता ना?

तू उंदीर नव्हेस, हे मला कळतं. तरी मी भ्याले आहे, फार भ्याले आहे. म्हणून लिहितेय: घरी येऊ नकोस. रागावू नकोस, आधी ऐक. नदीपलीकडे मी आपल्या दोघांसाठी दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. खिडक्यांना अजून पडदे नाहीत, ते तू निवड. मी केंद्राच्या फाटकाशी उभी असेन, तिथून थेट तिकडेच जाऊ. आईला सांगायचा धीर अजून झालेला नाही. ती आत्ता तुझ्या उशीला अभ्रा घालतेय आणि आतून मला विचारतेय, त्याला अजून हीच उशी लागत असेल ना गं.

तुझीच,
ताई